हिरव्या पाण्यातले विष डोळ्यांना दिसत नाही



ऊस तोडायला आला की नाही, हे आपण नुसते बांधावर उभे राहून ठरवत नाही. कांडी भरलेली असतात, पाने पिवळी पडू लागलेली असतात, टिपरू हाताला जड लागते. तरीही शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्स मीटर घेऊन फडात येतो, बुडख्याचा, मधला आणि शेंड्याचा रस काढतो, दोन थेंब काचेवर टाकतो आणि आकडा वहीत लिहितो. मग तोडीचा नंबर लागतो. साखर डोळ्यांना दिसत नाही, दिसते ते कांडे, एवढे शहाणपण आपल्याला या धंद्याने शिकवले आहे.

पण ज्या पाण्यावर हा ऊस उभा आहे, जे पाणी आपली जनावरे पितात आणि आपली पोरेबाळेही पितात, त्याची पारख मात्र आपण अजून डोळ्यांनीच करतो. पाणी नितळ असले की चांगले, हिरवे झाले की वाईट, आणि पाऊस पडून गढूळ झाले की 'आता नवं पाणी आलं, काळजी मिटली'. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकीचा आणि त्यावर आपण सभासदांनी काय करावे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

उजनीचे दुखणे

उजनी म्हणजे आपल्या भागाचा जीव आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या आसपास, मृत साठा. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी उणे इतके टक्के' अशी बातमी येते, ती या मृत साठ्यामुळे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले होते. कालवे बंद झाले तरी पिण्याच्या पाण्यासाठी धरण बंद करता येत नाही. सोलापूर शहर, काठावरची गावे आणि पंढरपूरची वारी ही सगळी या पाण्याच्या आधाराने चालतात. म्हणजे तळाशी उरलेले, तापलेले, वरून हिरवे झालेले पाणीच शेवटी माणसांच्या वाट्याला येते.

हे पाणी येते कुठून? मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेत उतरते आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. मैला, साबणाचे पाणी, कारखान्यांचे पाणी असे सगळेच त्यात आले. त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर. आपण उसाला जे पोटभर घालतो तेच धरणाला आयते मिळते. मग पीक येणारच! फक्त ते पीक उसाचे नसते, निळ्या-हिरव्या शेवाळाचे असते. उन्हाळ्यात वारा पडला, पाणी संथ झाले की भिगवणच्या बाजूपासून भिंतीपर्यंत कुठे ना कुठे हिरवी साय धरते. काठाला रंग सांडल्यासारखे दिसते आणि वास सुटतो.

हे शेवाळ म्हणजे आहे तरी काय?

आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण शास्त्रज्ञ म्हणतात ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. त्यांचे नाव सायनोबॅक्टेरिया. उन्हावर अन्न तयार करणारे हे फार जुन्या काळातले जीव आहेत. सगळेच वाईट नाहीत, हे आधी सांगून टाकतो. भाताच्या खाचरात हवेतला नत्र जमिनीत आणणारे निळे-हिरवे शेवाळ हे याच कुळातले. १९३९ साली प. कु. डे या भारतीय शास्त्रज्ञाने भातशेतीतले त्यांचे हे काम दाखवून दिले आणि पुढे त्याचे जैविक खत झाले. औषधाच्या दुकानात गोळ्या मिळतात ती स्पिरुलिनाही याच कुळातली.

पण घर म्हटले की एखादा वाकडा निघतोच. या कुळात मायक्रोसिस्टिस नावाची एक मंडळी आहे. तिच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते आणि साय धरते. तिच्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृतावर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने कायम पिण्याच्या पाण्यात त्याच्या मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम अशी तात्पुरती ठरवलेली आहे. हा आकडा आपल्या भाषेत सांगायचा तर दहा हजार लिटरचे शंभर टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून फक्त एक ग्रॅम विष टाका. झाली मर्यादा पूर्ण. त्याच्या वर गेले की रोज पिण्यास अयोग्य.

आता खरी मेख पाहा. मायक्रोसिस्टिसच्या विषारी आणि बिनविषारी अशा दोन्ही प्रकारच्या जाती एकाच तलावात, एकाच सायीत, शेजारी शेजारी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरले तरी दोन्ही सारख्याच दिसतात. बेण्याची मोळी वरून तजेलदार दिसावी आणि कांडे चिरल्यावर आत लाल कूज निघावी, तसला हा प्रकार आहे. म्हणून गडद हिरवे पाणी एखाद्या वर्षी फारसे विषारी नसेल आणि फिकट हिरवे पाणी पुढच्या वर्षी घातक असेल. रंग बघून सांगता येत नाही.

रंगाने फसगत होते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा कळले की खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. तपासणी झाली आणि तर्क थांबले.

बाहेर काय घडले

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण जगात घडलेले माहीत असावे. १८७८ साली ऑस्ट्रेलियात अलेक्झांड्रिना नावाच्या सरोवराकाठी मेंढ्या, घोडे, कुत्री हिरवी साय पिऊन मेली, याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस या गृहस्थाने केली. जनावरांवरच्या या विषाची ती पहिली शास्त्रीय नोंद मानतात. म्हणजे पहिला फटका गुरांनाच बसला होता. १९९६ साली ब्राझील देशात कारुआरू गावी मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करण्यासाठी असल्याच पाण्याचा वापर झाला आणि पन्नासहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन दगावली. २०२० साली आफ्रिकेत बोट्स्वाना देशात तीनशेहून अधिक हत्ती मेले. पाणवठ्यातल्या सायनोबॅक्टेरियाच्या विषाने ते मेले, असे तिथल्या सरकारने जाहीर केले.

आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना सांगण्यात आले की नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. इरी सरोवरात मायक्रोसिस्टिस माजले होते. तीन दिवस शहराने बाटलीतले पाणी प्यायले. या प्रकरणातली एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे. त्या सरोवरात जाणारा स्फुरद मुख्यतः वरच्या शेतांतून वाहून आला होता. त्याकडे पुढे येणारच आहे.

जनुक मोजणे म्हणजे काय

रंग सांगत नाही, सूक्ष्मदर्शक सांगत नाही, मग सांगणार कोण? सांगतो तो डीएनए. विष तयार करायचे तर त्या जीवाजवळ त्याची कृती लिहिलेली असावी लागते. आचाऱ्याजवळ कृती नसेल तर पदार्थ होणार नाही, तसेच हे. मायक्रोसिस्टिन तयार करणाऱ्या दहा जनुकांची साखळी शास्त्रज्ञांनी २००० साली उलगडली. ज्या जीवात ही साखळी आहे तो विष करू शकतो, ज्यात नाही तो करू शकत नाही. म्हणजे पाण्यात किती शेवाळ आहे हे न विचारता 'विषाची कृती जवळ असलेले किती आहेत' हे थेट विचारता येते.

तपासणीची रीत अशी. बाटलीभर पाणी बारीक छिद्रांच्या कागदातून गाळतात. कागदावर राहिलेल्या गाळातून डीएनए वेगळा काढतात. पुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट मोजणीची. ठरावीक जनुक पाण्यात किती आहे ते यंत्राने मोजायचे. ही रीत आपल्याला नवी नाही. २०२० साली कोरोनात प्रत्येकाच्या नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर केली, तिचीच ही सख्खी बहीण. दुसरी वाट वाचनाची. पाण्यात जेवढे जीव आहेत त्यांच्या डीएनएचा क्रम अक्षर अक्षर वाचून कोण कोण राहते त्याची खानेसुमारी करायची. डीएनए वाचायची सोयीची रीत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली काढली. तेव्हा ते काम मोठ्या प्रयोगशाळेचे आणि महिनोन्महिन्यांचे होते. आज तळहातावर मावणारी वाचन-यंत्रे निघाली आहेत.

तुम्ही विचाराल, मोजणी पुरे, वाचन कशाला हवे? त्याला कारण आहे. मोजणीसाठी जी रसायने वापरतात ती बहुतेक बाहेरच्या तलावांतल्या जातींवर बेतलेली असतात. आपल्या पाण्यातली जात थोडी वेगळी निघाली तर मोजणी तिला चुकवील आणि 'सर्व ठीक' असा निकाल येईल. बाहेरून आणलेले बेणे आपण आधी आपल्या जमिनीत लावून बघतो, मगच गावभर वाटतो. तेच इथे. आधी उजनीचे पाणी एकदा नीट वाचावे, कोणत्या जाती आहेत त्याची यादी करावी आणि मग नेहमीच्या मोजणीची कसोटी आपल्या पाण्याला बसते ना, हे पाहावे.

वाचनाचा आणखी एक उपयोग आहे. माणसाच्या आतड्यातले काही जिवाणू आणि गुराच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात. त्यांचा डीएनए वाचला की पाण्यात माणसाचा मैला आला की गोठ्याचे शेण, याचा पत्ता लागतो. पुण्याचे सांडपाणी कुठवर पोहोचले याचा पुरावा त्याच बाटलीत मिळू शकतो. हरित लवादापुढे 'पाणी फार घाण आहे हो' असे म्हणून भागत नाही, तिथे कागद लागतो. असा कागद दर पंधरवड्याला तयार होत राहिला तर त्याला वजन येते.

पण या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जनुक सापडले म्हणजे विष तयार झालेच असे नाही. घरात तवा आहे म्हणून रोज भाकरी भाजली जाते असे नसते. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजणीत येतो. म्हणून जनुकाची मोजणी ही धोक्याची घंटा समजावी. घंटा वाजली की खुद्द विषाची रासायनिक तपासणी करावी आणि मग निर्णय घ्यावा. घंटेचा फायदा असा की विष वाढण्याआधी ती वाजू शकते. टोलेडोच्या प्रकारानंतर ओहायो राज्याने २०१६ साली नियमच केला. तलावाचे पाणी पुरवणाऱ्या संस्थांनी कच्च्या पाण्यातली ही जनुके दर दोन आठवड्यांनी मोजायची आणि ती सापडली तर विषाची तपासणी वाढवायची. वाजवी आणि करता येण्यासारखी ही रीत आहे.

आपल्याकडे काय आहे? भारतीय मानक आयएस १०५०० हे २०१२ सालचे. पिण्याचे पाणी शैवाल आणि विष तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून मुक्त असावे, असे त्यात लिहिले आहे. लिहिलेले चांगलेच आहे. पण ग्रामपंचायतीच्या पेटीत जी तपासणी होते ती क्लोरिन, नायट्रेट, फ्लोराइड, क्षार आणि मैल्याच्या जिवाणूंची. शेवाळाच्या विषाचा रकाना तिथे नाही. म्हणजे सगळ्या कसोट्यांवर पास होऊन गावाला हिरवे कार्ड मिळेल आणि विहिरीशेजारचे धरणही हिरवेच असेल!

पवईने शिकवलेला धडा

काही मंडळी म्हणतात, 'धरण मोठं आहे, पावसाळ्यात सगळं धुऊन जातं.' त्यांनी जरा मुंबईकडे पाहावे. मुंबईच्या उपनगरात पवईचा तलाव आहे. १८९१ साली तो बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठी. पाणी पिण्याजोगे नाही असे लवकरच ठरले आणि तो वापर सोडून द्यावा लागला. पुढे भोवती वस्ती वाढली, सांडपाणी येऊ लागले, जलपर्णी माजली. पाऊस तिथेही दरवर्षी पडतो, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. तलाव काही धुऊन निघाला नाही. कारण स्फुरद गाळात बसतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो.

मुंबईला पवई सोडून देता आली. तिच्याकडे तानसा होते, पुढे मोडकसागर आले, भातसा आले. आज मढच्या टोकापासून मुलुंडपर्यंत सगळ्या उपनगरांना पाणी मिळते ते महापालिकेच्या सात तलावांतून, आणि त्या सातांत पवईचे नाव नाही. कोल्हापूरकरांनीही रंकाळ्यावरचा हिरवा तवंग पाहिला, पण त्यांच्याजवळ पाण्याचे दुसरे साधन होते. आपल्याकडे काय आहे? आपल्याला एकच उजनी आहे. ती सोडून जायला दुसरी जागा नाही. ज्याला दुसरे शेत नाही त्याने आहे ते शेत क्षारपड होऊ देऊ नये.

तोवर घरात काय करावे

तपासणी सुरू व्हायची तेव्हा होईल, पण आज उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो. एक, पाणी उकळून हे विष जात नाही. उकळल्याने कावीळ-पटकीचे जंतू मरतात, म्हणून उकळणे सोडू नका. पण हिरवे पाणी उकळले म्हणजे निर्धोक झाले, हा समज मनातून काढा. दोन, साय मारायला धरणकाठी, शेततळ्यात किंवा हौदात मोरचूद टाकू नका. विष बहुतेक जिवंत पेशींच्या आत असते. मोरचूद टाकला की पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात मोकळे होते. पाणी वरून नितळ दिसते आणि नेमके तेव्हाच ते जास्त घातक असते. ब्लिचिंग पावडरीचेही तसेच. आधी तुरटीने पेशी खाली बसवून, पाणी निवळून वेगळे काढावे आणि मग क्लोरिन द्यावा, हा क्रम पाणीपुरवठा करणाऱ्यांनी पाळला पाहिजे.

तीन, वाऱ्याने साय ज्या काठाला लोटली आहे त्या काठाला गुरे सोडू नका. शंभर पावले पलीकडे नितळ जागा असली तरी जनावर हिरव्या कडेलाच तोंड घालते. शक्यतो विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्या. चार, साय असलेल्या भागातली मासळी आणली तर आतडी आणि काळीज काढून टाका, विष तिथे जास्त साठते.

आता आपल्या ताटाखालचे

इथवर वाचून बरेच सभासद म्हणतील, 'हे सगळं पुण्याचं पाप आहे, त्यांनी फेडावं.' पुण्याचे पाप आहेच आणि मोठे आहे. शहरांनी आपला मैला शुद्ध करूनच नदीत सोडला पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये. पण टोलेडोची गोष्ट आठवा. तिथे बोट शेतकऱ्याकडे वळले. उद्या उजनीचा स्फुरद मोजला आणि आपलाही वाटा निघाला तर काय सांगणार आहोत?

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. आपल्यातले किती जण ती पाळतात, हे ज्याने त्याने आपल्या खताच्या पावत्या काढून पाहावे. शेजाऱ्याने चार पोती टाकली म्हणून आपण पाच टाकायची, माती परीक्षणाचा कागद खुंटीला अडकवून ठेवायचा, आणि सरी भरून दारे धरायचे की जास्तीचे पाणी चारीतून ओढ्याला, ओढ्यातून भीमेला. डीएपीचे पोते आपण पैसे मोजून आणतो आणि त्यातला वाटा शेवाळाला फुकट देतो. स्फुरद मातीच्या कणाला चिकटून जातो, म्हणजे माती वाहिली की तोही गेला. खत मातीआड केले, पाचट न जाळता सरीत ठेवले, ठिबक केले तर माती, पाणी आणि पैसा तिन्ही वाचतात. ज्यांचे ठिबक आहे त्यांना शेवाळाने फिल्टर कसे तुंबतात हे वेगळे सांगायला नको. आणि कारखान्याने आपल्या आसवनीचे सांडपाणी, मळीची गळती ओढ्याला जाणार नाही याचा चोख हिशेब ठेवला पाहिजे. दुसऱ्याला आरसा दाखवायचा तर आपले तोंड आधी धुतलेले असावे. मैल्याचा पत्ता जनुकावरून लागतो, खताला जनुक नसते. म्हणून आपला वाटा आपणच प्रामाणिकपणे मोजायचा आहे.

वार्षिक सभेपुढे ठेवायचा विचार

नुसते लिहून उपयोग नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी पुढील गोष्टींवर विचार करावा असे सुचवतो.

१) फेब्रुवारीपासून पावसाने धरण भरेपर्यंत दर पंधरवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा, उजनीतून चार ठिकाणचे पाणी घ्यावे: वरून पाणी येते तिथे, मधोमध, भिंतीजवळ आणि पिण्याचे पाणी उचलतात तिथे. नमुना सायीतला वेगळा आणि खालचा वेगळा.

२) विषाच्या जनुकांची मोजणी दरवेळी, ती वाढली तर विषाची तपासणी लगेच, आणि डीएनएचे पूर्ण वाचन वर्षातून दोनदा करावे. हे काम बाहेरदेशी पाठवायची गरज नाही. कोरोनात सांडपाण्यातून विषाणूचा माग काढण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केले आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही तर कारखान्यांच्याच वर्गणीवर उभी राहिलेली आपली संस्था. उसाच्या जनुकांवर तिथे काम चालते. आपल्या पाण्याच्या जनुकांवरही चालावे, असे आपण हक्काने म्हणू शकतो.

३) निकाल फायलीत पडू नये. तो दोन दिवसांत मराठीत गट कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि दूध संकलन केंद्रावर लागावा. शास्त्रीय शब्दांची गरज नाही. 'गुरांना पाजू नका', 'पिऊ नका', 'हरकत नाही' एवढे तीन शब्दप्रयोग पुरेत.

४) पैशाची सोय. कपातीचे नाव काढले की सभेत गलका होतो, हे माहीत आहे आणि तो गलका योग्यही असतो. तरी हिशेब पाहा. टनाला दहा पैसे धरले तर पाच लाख टन गाळपावर पन्नास हजार रुपये होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला वर्षाला दहा रुपये पडतात. लाभक्षेत्रातले दहा कारखाने एकत्र आले तर पाच लाखांचा पाया उभा राहतो. प्रयोगशाळेकडून खर्चाचे अंदाजपत्रक मागवून मग आकडा कमी-जास्त करता येईल. हे काम सरकारचे आहे, हे खरे. म्हणून सरकारकडे मागणीही करावी. पण सरकार करील म्हणून आपण थांबलो असतो तर हा कारखाना तरी उभा राहिला असता का?

५) प्रत्येक सभासदाने लागणीपूर्वी माती परीक्षण करावे आणि शेतकी विभागाने त्याप्रमाणेच खताची शिफारस लेखी द्यावी.

काही जण म्हणतील की तपासणीत वाईट निघाले तर उगाच बोभाटा होईल, आपल्या भागाचे नाव खराब होईल, मासळी-भाजीला गिऱ्हाईक मिळणार नाही. ही भीती खोटी नाही. पण न मोजल्याने विष कमी होत नाही, फक्त आपल्याला कळायचे राहते. उलट दर पंधरवड्याचा आकडा हातात असेल तर 'यंदा पाणी ठीक आहे' हेही आपणच पुराव्यानिशी सांगू शकू आणि अफवा उठल्या तर त्यांना उत्तर देता येईल. आज आपल्याजवळ ना आरोपाला पुरावा आहे, ना बचावाला.

काट्यावर ऊस मोजताना दहा किलोचा फरक पडला तरी आपण गाडी सोडत नाही, भांडून दुसऱ्यांदा वजन करायला लावतो. तोच कडकपणा पाण्याच्या बाबतीत दाखवू या. सभेची नोटीस आली की या विषयाची लेखी सूचना मुदतीत कार्यालयात द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. पुढचा उन्हाळा काही फार लांब नाही.